मदत हवी आहे: डी ड्राइव्ह रिकामा, तरी सॉफ्टवेअर टाकताना 'जागा नाही' (अर्जंट)

रानमेवा
मंडळी लवकर सांगा. मुलीच्या लॅपटॉपवर अँड्रॉइड स्टुडिओ (फोनचे ॲप बनवायचं सॉफ्टवेअर) टाकायचाय, सोमवारी कॉलेजात प्रोजेक्ट दाखवायचाय. अर्ध्यात जाऊन जागा नाही म्हणतं. डी ड्राइव्ह जवळजवळ रिकामा पडलाय, टाकताना मुद्दाम डी निवडला, तरी तेच रडगाणं. दुकानदार म्हणतो मेमरी कमी पडतेय, नवीन घ्या. नवीन घेणार नाही, ते सोडून बोला.

भाऊ_सांगलीकर
रॅम किती? एसएसडी की साधी हार्ड डिस्क? विंडोज कुठलं? सी मध्ये किती शिल्लक? नुसतं 'जागा नाही' वरून ज्योतिषीसुद्धा काही सांगणार नाही.

रानमेवा
मेमरी १ टीबी आहे. विंडोज १०. बाकी सगळं व्यवस्थित चालतं.

खटपट्या
अहो १ टीबी ही डिस्क झाली, भाऊ रॅम, म्हणजे चालू कामापुरती मेमरी, विचारतायत. कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबा, टास्क मॅनेजर येईल, त्यात परफॉर्मन्स. आणि 'धिस पीसी' उघडून सी च्या खाली काय आकडा येतो तो टाका.

तर्कटी
१ टीबीच्या जागी ९३१ जीबी दिसलं तर घाबरू नका. कंपनी १००० च्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. फसवणूक नाही.

रानमेवा
हे मी विचारलंच नव्हतं. असो. रॅम ८ जीबी. सी ११८ पैकी ३ जीबी शिल्लक, पट्टी लाल झालीय. डी ९३१ पैकी ८०० च्या वर मोकळा. मग डी वर का जात नाही एवढंच सांगा ना कुणीतरी.

भाऊ_सांगलीकर
आता कळलं. तुम्ही डी निवडलात ते फक्त मुख्य प्रोग्रामपुरतं. इन्स्टॉलर आधी फायली सोडवतो त्या टेम्प फोल्डरमध्ये, टेम्प सी वर. मग पहिल्यांदा चालू केलं की एसडीके (ॲप बनवायची हत्यारं) उतरवतो, ते आपणहून युजरच्या ॲपडेटा फोल्डरमध्ये जातं, तेही सी वर. ग्रेडलचा (ॲप जुळवून देणारं साधन) कॅश आणि एम्युलेटरचा, म्हणजे पडद्यावरचा, खोटा फोन, दोन्ही युजर फोल्डरमध्ये. म्हणजे सगळं जड सामान सी वरच उतरतं. ३ जीबीत होणार नाही, निदान २५ मोकळे करा.

रॅमबाण
जागा किती पण करा, ८ जीबी रॅमवर हे चालणार नाही. गूगलनेच लिहून ठेवलंय, नुसत्या स्टुडिओला किमान ८ आणि एम्युलेटरसकट १६. एक ८ ची पट्टी टाका, विषय संपला.

भाऊ_सांगलीकर
त्यांचं इन्स्टॉलच होत नाहीये, चालायची गोष्ट नंतर. रॅम १६ केली तरी सी वर ३ च जीबी राहणार. उलट हायबरनेशनची (लॅपटॉप झोपवताना रॅममधलं डिस्कवर ठेवायची) फाइल रॅमच्या हिशोबात असते, ती आणखी फुगेल.

रॅमबाण
मी अनुभवाने सांगतोय. माझ्याकडे ८ वर एम्युलेटर उघडला की माउससुद्धा हलायचा नाही. रॅम संपली की विंडोज डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये सामान टाकतं, आणि ती पण सी वर. मग सी भरला असेल तर रॅम आणि जागा वेगळे प्रश्न कसे राहिले?

भाऊ_सांगलीकर
हे मात्र बरोबर बोललात. पण २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव बघितलेत का?

रॅमबाण
बघितलेत. म्हणूनच जुनी पट्टी शोधायची. कुणाकडे डीडीआर४ (रॅमचा जुना प्रकार) पडून असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

पार्टिशनवाले_नाना
सोपं आहे. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन डी लहान करा, सी मोठा करा. मी दहा लोकांचं करून दिलंय.

खटपट्या
नाना, सी ११८ आणि डी ९३१, या दोन वेगळ्या डिस्का आहेत. एक १२८ ची एसएसडी, एक १ टीबीची हार्ड डिस्क. एकीची जागा कापून दुसरीला कशी जोडणार?

पार्टिशनवाले_नाना
ते त्यांनी आधी सांगायला नको का?

टक्स_पेंग्विन
विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लिनक्स मिंट टाका, २० जीबीत अख्खी सिस्टीम मावते. तिथे अँड्रॉइड स्टुडिओ लोण्यासारखा चालतो.

खटपट्या
सोमवारी प्रोजेक्ट आहे आणि तुम्ही ऑपरेटिंग सिस्टीम बदलायला सांगताय. धन्य.

जुना_गडी
यावरून आठवलं, विंडोज ९५ तेरा फ्लॉप्यांवर यायचं. बारावी फ्लॉपी खराब निघाली की पुन्हा पहिलीपासून. रॅम किमान ४ एमबी लागायची, हो, एमबी. आमच्या क्लासमध्ये ८ एमबीवालं मशीन एकच, त्यावर फक्त सर बसायचे. आताच्या पोरांना ८ जीबी पुरत नाही.

बिनधास्त_बंड्या
सी मधलं विनएसएक्सएस (विंडोजच्या स्वतःच्या फायलींचं) फोल्डर उडवा, आणि ॲपडेटा पण. मिनिटात जागा होते.

भाऊ_सांगलीकर
रानमेवा, असलं काही करू नका. विनएसएक्सएस एक्सप्लोररमध्ये अवाढव्य दिसतं कारण त्याच फायली दोनदा मोजल्या जातात, आणि ते हाताने उडवलंत तर विंडोज बसेल. ॲपडेटात ब्राउजरचे पासवर्ड असतात. त्यापेक्षा डिस्क क्लीनअप उघडा, 'क्लीन अप सिस्टम फाइल्स' दाबा, जुन्या अपडेटचा कचरा तिथून जातो. मग डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप बघा. डेस्कटॉपसुद्धा सी मध्येच असतो हे निम्म्या लोकांना माहीत नसतं.

रानमेवा
क्लीनअपने ९ जीबी आले. आणि डॉक्युमेंट्समध्ये लॉकडाऊनमधल्या ऑनलाइन क्लासची रेकॉर्डिंग निघाली, ३१ जीबी! ती डी वर टाकली. आता सी ला ४३ मोकळे. पुन्हा लावलंय.

साक्षी_पुणे
काका, मीही याच फेऱ्यातून गेलेय. एम्युलेटर घेऊच नका, ८ जीबीत छळेल. तिचा स्वतःचा अँड्रॉइड फोन केबलने जोडा. सेटिंगमध्ये अबाउट फोन, तिथे बिल्ड नंबरवर ७ वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, त्यात यूएसबी डिबगिंग चालू करायचं. ॲप थेट फोनवर चालतं, एम्युलेटरची काही जीबीची इमेज वाचते आणि रॅमही. केबल मात्र डेटावाली हवी, नुसत्या चार्जिंगच्या केबलने फोन दिसतच नाही.

रॅमबाण
हे चालेल. पण क्रोम बंद ठेवायला सांगा तिला.

रानमेवा
नवीन अडचण. स्टुडिओ बसला, आता एसडीकेला म्हणतो पाथमध्ये नॉन आस्की कॅरेक्टर्स आहेत. हे काय आता?

भाऊ_सांगलीकर
नॉन आस्की म्हणजे साध्या इंग्रजीबाहेरची अक्षरं. लॅपटॉपवर युजरचं नाव काय आहे?

रानमेवा
मराठीत आहे, देवनागरीत. अकाउंट मी बनवलं तेव्हा तसंच ठेवलं. मराठी माणसाने मराठीत नाव ठेवलं तर बिघडलं काय?

तर्कटी
तुमचं काही बिघडलं नाही, त्यांच्या सॉफ्टवेअरचं बिघडलंय. २०२६ साली!

भाऊ_सांगलीकर
एसडीके डी वर टाका, फोल्डरचं नाव साध्या इंग्रजीत, मध्ये स्पेस नको. हार्ड डिस्कवर थोडं हळू चालेल.

खटपट्या
नको. एसडीके हलवलं तरी ग्रेडल युजर फोल्डरमध्येच जाणार आणि तिथे पुन्हा अडणार, त्यासाठी वेगळं व्हेरिएबल सेट करत बसा. आणि आत्ताच सी मोकळा केलाय तर एसएसडीचा फायदा घ्या की. नवीन लोकल अकाउंट बनवा इंग्रजी नावाने, त्यात लॉगिन करून सगळं तिथेच. जुन्या अकाउंटचं नाव नुसतं बदलू नका, आतलं फोल्डर जुन्याच नावाचं राहतं.

भाऊ_सांगलीकर
हे जास्त बरं. खटपट्यांचं ऐका.

रानमेवा
नवीन अकाउंट केलं. एसडीके उतरतंय, ६० टक्के. नेट हळू आहे. पोरगी म्हणते फोन जोडला तर दिसतोय.

टक्स_पेंग्विन
सोमवार झाला की मिंटचा विचार करा.

पार्टिशनवाले_नाना
एक विचारायचं राहिलं, डी ड्राइव्ह सुरुवातीपासून वेगळीच डिस्क होती का?