गाडीतल्या ड्रॉवर बॉक्सला कुठलं लॅच लावावं? घाटात आपोआप उघडतंय

कोकणी_जिमनी:
नमस्कार मंडळी, मारुतीच्या जिमनीच्या मागच्या सीट पाडून तिथं १८ एमएम मरीन प्लायचा बॉक्स करून घेतलाय, खाली एक लांब ड्रॉवर आणि वर झाकणाचा कप्पा. ड्रॉवरमध्ये रिकव्हरी स्ट्रॅप, शॅकल, जॅक, पान्हे वगैरे मिळून वीसेक किलो माल असतो. सुतारानं किचनच्या कपाटाला लावतात ते मॅग्नेट लावून दिलेत, ताम्हिणीच्या साध्या डांबरी चढालाच ड्रॉवर बाहेर येऊन मागच्या दाराला धडकतोय, ऑफरोडचं तर नावच नको. आता सुतार म्हणतो कडी-कोयंडा ठोकून देतो, पण तो रस्ताभर खडखडणार. मला तीनच गोष्टी हव्यात, चालत्या गाडीत उघडायला नको, आवाज नको आणि चावी लागली पाहिजे. ऑनलाइन बघितलं तर टॉगल, पॅडल, स्लॅम, कॅम असली शंभर नावं, डोकं गरगरतंय. कुणी लावलंय का?

फॅब्रिकेशनवाला_भोसरी:
भाऊ, लॅच कुठलं हे नंतर, आधी जोर कुठल्या बाजूनं येतोय ते बघा. ड्रॉवरला चढावर मागं ओढ बसते. वीस किलोचा ड्रॉवर तीस अंशाच्या चढावर उभ्या गाडीत सुद्धा लॅचवर दहा किलोचा भार टाकतो, त्यात खड्ड्याचे दणके वेगळे, आणि किचनचा मॅग्नेट तर रिकामं दार धरण्यापुरताच असतो. झाकणाचं उलट, त्याला जोर खालून वर. म्हणून दोघांना एकच लॅच नको.

ड्रॉवरला स्लॅम लॅच लावा, म्हणजे ढकलला की खटकन बसतो आणि हँडल ओढल्याशिवाय सुटत नाही. त्याची जीभ लोखंडी पट्टीत अडकली पाहिजे, प्लायला खोबण करून भागवू नका, कड झिजते. झाकणाला पॅडल लॅच. जनरेटरच्या कॅनोपीच्या, म्हणजे बाहेरच्या पत्र्याच्या पेटीच्या दाराला आत दबलेलं हँडल असतं ना, चावीसकट, तेच. पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीत नाहीतर मुंबईत नागदेवी स्ट्रीटला हातात घेऊन बघा, ऑनलाइन फोटोत सगळंच दणकट दिसतं. हँडल आत दबलेलंच घ्या हां, जिमनीचं मागचं दार आडवं उघडतं, बाहेर आलेलं हँडल कधी ना कधी दाराला घासणार.

आणि मुख्य म्हणजे लॅच तुटत नाही, उपटून येतं. प्लायच्या कडेत मारलेले लाकडी स्क्रू कंपनानं भोक मोठं करत जातात आणि एक दिवस सगळंच हातात येतं. आरपार बोल्ट टाका, मागून २ एमएमची पट्टी किंवा निदान मोठे वायसर, आणि वर नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, कंपनानं न सुटणारा नट. नायलॉक बसत नसेल तिथं निळं थ्रेडलॉकर (आट्यांना लावायचा गोंद), लाल नको, लाल सोडवायला गरम करावं लागतं आणि प्लायजवळ हीट गन कोण धरणार.

पर्थचा_पाटील:
इकडे ऑस्ट्रेलियात ड्रॉवर आणि कॅनोपी (पिकअपच्या मागं बसवलेला बंद कप्पा) हा घरोघरी विषय आहे म्हणून लिहितो. गिब रिव्हर रोडसारखा रस्ता म्हणजे साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास, बराचसा कच्चा, पत्र्याच्या पन्हाळीसारखा, तिथं साधा कॅम लॉक (चावीनं पट्टी फिरवून अडकवायचं कुलूप) स्वतःच फिरून उघडतो. इकडे कॅनोपीला टी-हँडलचं कॉम्प्रेशन लॅच लावतात, माशाच्या शेपटीसारखं दिसतं म्हणून सगळे व्हेल टेल म्हणतात. हँडल फिरवलं की ते झाकण नुसतं अडकवत नाही, आत ओढून रबरावर दाबतं. खडखड बंद होते ती या दाबामुळं, लॅच महाग आहे म्हणून नाही. त्यामुळं भोसरीवाल्यांनी सांगितलेलं पॅडल घेतलं तरी झाकणाच्या कडेला पोकळ बल्ब रबर लावाच, धूळही थांबते. लॅच ज्या पट्टीत अडकतं ती मागंपुढं सरकवून दाब ठरवा, रबर साधारण एक तृतीयांश दबलं की बास. जास्त आवळलं तर झाकणच वाकतं आणि कोपऱ्यातनं फट पडते. झाकण दोन फुटापेक्षा लांब असेल तर दोन लॅच, मधे एकच लावलं तर टोकं वाजत राहतात. दोन्हीला एकच चावी मागून घ्या नाहीतर अंधारात जुडगा चाचपत बसाल.

मडगावचो_भाटकार:
लॅचचं ठीक आहे पण बॉक्स गाडीला कशाला धरलाय हे कुणीच विचारलं नाही! ताशी ५० वरून गाडी कशाला तरी धडकून ६० सेंटीमीटरात थांबली तर सरासरी १६ जी, म्हणजे वजनाच्या सोळा पट जोर बसतो, म्हणजे तुमचा वीस किलो माल सव्वातीनशे किलोच्या जोरानं पुढं येणार, वर बॉक्सचं स्वतःचं वजन. तेव्हा लॅचचा काही संबंधच नाही, ड्रॉवर बॉक्सच्या पुढच्या फळीवर आदळतो आणि सगळा बॉक्स तुमच्या पाठीवर. कंपनीचे जे बोल्ट पॉइंट आहेत तिथं पकडा, सीटबेल्टच्या बोल्टला हात लावू नका आणि फ्लोअरला ड्रिल मारण्याआधी खाली वाकून बघा, तिकडनं ब्रेकची आणि पेट्रोलची लाईन जाते.

दुसरं, आमच्याकडं समुद्राची हवा. क्रोम मारलेलं स्वस्त लॅच एक पावसाळा काढतं, स्प्रिंग आधी जाते. एसएस ३०४ घ्या, रोज किनाऱ्यावर असाल तर ३१६. ॲल्युमिनियमच्या झाकणावर स्टीलचं लॅच असेल तर मधे रबर किंवा नायलॉनचं वायसर, नाहीतर ॲल्युमिनियम पांढरं पडून खात जातं. किल्लीच्या भोकात ग्रीस कोंबू नका, धूळ चिकटते, ग्रॅफाईट पावडर मारा.

कोकणी_जिमनी:
बाप रे, मी लॅच विचारायला आलो आणि आता बॉक्सच सोडवायला लागणार दिसतोय. सध्या दोन कोपऱ्यांत एल पट्ट्या आहेत, त्या पण लाकडी स्क्रूवरच, तर तेही बदलून घेतो. एक राहिलं, ड्रॉवर पूर्ण बाहेर काढल्यावर उतारावर परत आत पळतो आणि बोटं सापडतात, त्याला काय? चॅनेल (ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या पट्ट्या) किचनचेच आहेत, ४५ किलोचे.

फॅब्रिकेशनवाला_भोसरी:
ते ४५ किलो घरातल्या सरळ जमिनीवरचे, दणक्यातले नाहीत. लॉक-इन लॉक-आऊट म्हणून हेवी ड्युटी चॅनेल येतात, आत असताना पण लॉक आणि पूर्ण बाहेर असताना पण लॉक, खटका दाबला तरच हलतो. थोडे महाग पडतील. बजेट नसेल तर ड्रॉवरच्या बाजूला भोक पाडून स्प्रिंगची पिन टाका, काम तेच. पण चॅनेलच्या लॉकवर विसंबून स्लॅम लॅच काढू नका, त्या लॉकची जीभ बऱ्याचदा प्लास्टिकची असते.