मदत हवी आहे: धुक्याच्या चित्रमालिकेसाठी पेन्सिल, चारकोल की शाई?

एका कथेसाठी ए४ आकाराची ८ कृष्णधवल चित्रं करायची आहेत. सहांत पहाटेचं धुकं, शेवटच्या दोनांत रात्र. ८बी पेन्सिलीचा गडद भाग चमकतो आणि स्कॅनमध्ये राखाडी येतो. चारकोलने काळं मिळतं, पण धुकं मळकट दिसतं. आठही चित्रांत वातावरण एकच वाटायला हवं. साहित्य आणि कागद कोणता घ्यावा?

प्रतिसाद १
ग्रॅफाइट दाबून बसवलं की चमकणारच, तेव्हा पेन्सिल सोडा. त्यावर चारकोलही नीट धरत नाही.

धुक्यासाठी विलो चारकोल (विलो झाडाच्या फांद्यांचा साधा कोळसा) घ्या. कॉम्प्रेस्ड चारकोलमध्ये (भुकटी दाबून केलेल्या कांड्यांत) बाइंडर म्हणजे चिकटवणारा पदार्थ असतो. तो कागदाच्या दाण्यांत रुतला की निघत नाही, आणि मळकटपणा बहुधा तिथूनच येतो. नाहीतर बोटाने घासल्यामुळे: बोटाचं तेल लागलेल्या जागी डाग धरतो.

काडी आडवी धरून अख्खा कागद हलका भरा, मऊ सुती फडक्याने पुसून एकसारखी करडी छटा आणा. मग नीडेड इरेझर (कणकेसारखं मळता येणारं खोडरबर) दाबून उजेड उचला, घासू नका. लांबची झाडं नुसत्या छटेने, कड न काढता. अगदी जवळच्या एखाद्या फांदीलाच ठसठशीत कड द्या. कडा सगळीकडे सारख्याच धारदार झाल्या की धुकं संपलं, साहित्य कोणतंही असो. कॉम्प्रेस्ड शेवटी, त्या फांदीच्या काळ्यापुरता. पांढरा चारकोल काळ्यात मिसळू नका, थंड निळसर करडं होतं.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत, पण रात्रीला खाली शाईचा वॉश (पाणी घातलेल्या शाईचा पातळ थर) हवाच. नुसत्या चारकोलच्या काळ्यातून कागदाचे पांढरे ठिपके डोकावतात. जलरोधक शाई १ भाग, पाणी ८ भाग. दोन्ही चित्रांपुरतं एकदमच कालवा. वॉश वाळल्यावर फिकट होतो, म्हणून आधी तुकड्यावर बघा. पूर्ण वाळल्यावरच वर चारकोल.

यासाठी ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम, म्हणजे जाड) कोल्ड-प्रेस, म्हणजे किंचित खरखरीत, कागद लागेल, पातळ कागद वॉशने फुगतो. धुक्याची चित्रंही त्याच कागदावर करा, नाहीतर मालिका पोतामुळेच फुटेल. त्याच कागदाच्या पट्टीवर पाच छटा काढून ठेवा (१ सर्वांत फिकट, ५ सर्वांत गडद): धुक्यात १ ते ४, रात्री २ ते ५.

धागाकर्ता
आभार! मग धुक्यात पाचवी छटा अजिबात नको? आणि फिक्सेटिव्ह (चारकोल कागदावर पक्का करणारा फवारा) स्कॅनच्या आधी की नंतर?

प्रतिसाद २
जवळच्या फांदीपुरती चालेल. फिक्सेटिव्ह आधी, नाहीतर भुकटी स्कॅनरच्या काचेला लागेल. साधारण ३० सेंमीवरून दोन-तीन हलके थर, प्रत्येक वाळू देऊन. त्याने छटा थोड्या गडद होतात आणि नंतर खोडरबर फारसं चालत नाही, म्हणून धुकं पट्टीपेक्षा किंचित फिकटच ठेवा.