शेतातून दर आठवड्याला येणारी भाजी पुरवून कशी वापरायची? (मुळा, अंबाडी, आवळे, ओली हळद…)

रानमोगरा

नमस्कार मंडळी. यंदा आम्ही पुण्याजवळच्या एका शेतकरी कुटुंबाच्या भाजीत वाटा घेतला आहे. दिवाळीनंतर हंगामाचे पैसे आगाऊ दिले. आता मार्चपर्यंत दर शनिवारी शेतात जे निघेल ते क्रेट भरून घरी येतं. काय हवं, काय नको हे आपण सांगायचं नाही, असाच करार आहे आणि तो मला पटलेला आहे. भाजी फार सुंदर असते. मेथीच्या मुळांना ओली माती असते, तुरीच्या शेंगा सोलल्या की बोटांना वास राहतो.

पण घरात माणसं तीन: मी, नवरा आणि सासूबाई. आम्ही दोघंही नोकरी करतो. काल आलेला माल बघा: पाल्यासकट मुळ्याच्या मोठ्या जुड्या, मेथी, चाकवत, अंबाडी, हरभऱ्याचा पाला, भरपूर आवळे, ओली हळद, तुरीच्या शेंगा, पावटा, गाजरं, नवलकोल आणि टोमॅटो. बुधवारपर्यंत पालेभाज्या माना टाकतात आणि शनिवारी पुढचा क्रेट दारात.

फ्रीझर लहान आहे. बाल्कनीत दुपारी चांगलं ऊन येतं. सासूबाई निवडायला हौसेने बसतात, पण त्यांना फार वेळ उभं राहवत नाही. यातलं काहीही टाकून द्यायला जीव होत नाही. काय लगेच खायचं, काय टिकवायचं आणि कसं, हे अनुभवी लोकांनी सांगावं. मुळ्याबद्दल तर आवर्जून सांगा, घरात सगळ्यात कमी तोच खाल्ला जातो.

गोदाकाठ

रानमोगरा, आधी शनिवारी संध्याकाळचा एक तास या क्रेटला द्या. तेवढं केलं की पुढचा आठवडा सोपा जातो.

क्रेट आला की पहिल्यांदा मुळ्याचा पाला कापून वेगळा करा. पाला तसाच ठेवला तर तो मुळ्यातलं पाणी ओढतो आणि मुळा दोन दिवसांत लिबलिबीत होतो. गाजर, बीट, नवलकोल यांचंही तेच. पालेभाज्या धुवून ठेवू नका. मुळं कापा, पिवळी आणि सडकी पानं काढा, जुन्या सुती पंच्यात सैलसर गुंडाळा आणि डब्यात ठेवा. धुणं करायच्या वेळी.

मग खाण्याचा क्रम. मुळ्याचा पाला, चाकवत आणि मेथी रविवार ते मंगळवार. अंबाडी बुधवारपर्यंत थांबते. मुळा, गाजर, नवलकोल आठवडाभर कुठे जात नाहीत. त्यामुळे शनिवारी रात्री दमून गाजराची कोशिंबीर केली आणि चाकवत फ्रीजमध्ये ठेवला, असं होऊ देऊ नका.

अंबाडी आमच्या नांदेडकडची जीव की प्राण. पाला उकळून पाणी टाकून द्यायचं, म्हणजे बोचरा आंबटपणा जातो. तुरीची डाळ, मूठभर तांदळाच्या कण्या आणि शेंगदाणे शिजवायचे, त्यात पाला घालून घोटायचा. पानात वाढल्यावर वरून लसणाची चरचरीत फोडणी, लसूण लालसर हवा, आणि सोबत ज्वारीची भाकरी. हीच अंबाडी उकडून, घट्ट पिळून लिंबाएवढे गोळे करून फ्रीझरमध्ये टाका. मोठी जुडी एवढ्याशा डब्यात मावते.

हरभऱ्याचा पाला मात्र वाळवायचाच. तो धुवायचा नाही, कारण पानांवर जी आंब असते तीच त्याची चव. कोवळे शेंडे खुडून कापडावर पसरा. कडक वाळला की चुरून बरणीत भरा. पावसाळ्यात भाजी महाग असते तेव्हा लसूण, सुकी मिरची आणि थोडं डाळीचं पीठ लावून पातळ भाजी करा. ताजा असतानाच बारीक चिरून कांदा, हिरवी मिरची, दाण्याचं कूट आणि कच्चं तेल घालून घोळाणाही करा. त्या ताज्या पाल्याला मात्र एकदा पाण्यातून काढा.

चूलबोळकी

मुळ्याचं मी सांगते. मुळा आवडत नाही असं म्हणणाऱ्यांच्या घरी तो बहुतेक वेळा नुसत्या चकत्या म्हणून पानात येतो. किसून मीठ लावा, दहा मिनिटांनी पिळा. उग्रपणा बराचसा त्या पाण्यात उतरतो. पिळलेल्या किसात भिजवून भरडलेली हरभऱ्याची डाळ, दही, मिरची आणि हिंगाची फोडणी घातली की मुळ्याचा चटका. तुमच्या सासूबाईंना नक्की माहीत असणार. पिळलेलं पाणी फेकायचं नाही, त्यातच थालीपिठाची भाजणी भिजवायची आणि उरलेला कीस त्यातच घालायचा.

पाल्याला भिजवलेली मुगाची डाळ किंवा पीठ पेरून भाजी. देठ कोवळे असतील तर तेही बारीक चिरून घाला.

चाकवत ताकातलाच करा. हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे आधी शिजवून घ्यायचे, ताकाला थोडं पीठ लावायचं म्हणजे फुटत नाही. सगळी जुडी एकाच पातेल्यात संपते आणि दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते.

एडिसनकर

आमच्याकडे न्यू जर्सीत अशा वाट्याच्या पद्धतीला सीएसए (कम्युनिटी सपोर्टेड ॲग्रिकल्चर) म्हणतात. अमेरिकेत ही पद्धत १९८६ साली मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायरमधल्या दोन शेतांवर सुरू झाली. आमचा हंगाम जूनपासून थंडी पडेपर्यंत. तिकडे मुळा तसा इकडे झुकिनी, जुलैमध्ये तिला खंड नसतो. आम्ही ती किसून थालीपिठात घालतो, दुधीसारखी हरभऱ्याच्या डाळीत करतो. चार्ड या पालकासारख्या भाजीच्या मोठ्या पानांच्या अळूवडीसारख्या वड्या उत्तम होतात, घसा खवखवायचा प्रश्नच नाही.

तुमच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. आम्ही वाटा उचलायला जातो तिथे एक अदलाबदलीची पेटी असते. आपल्याला नको ते त्यात ठेवायचं, हवं ते उचलायचं. तुमच्या सोसायटीत आणखी दोन-तीन घरांनी वाटा घेतला असेल तर जिन्याखाली एक टोपली ठेवून बघा. एकाला मुळा नको असतो, दुसऱ्याला अंबाडी कळत नाही. आम्ही दोन कुटुंबं मिळून एक वाटा घेतो, एक आठवडा त्यांचा, एक आमचा. तुमच्या तीन माणसांना पुढच्या वर्षी तसंच करायला सांगेन.

मीठमोहरी

अन्नप्रक्रियेत काम करते, म्हणून टिकवण्याविषयी जरा सविस्तर.

टोमॅटो फ्रीजबाहेर ठेवा, थंडाव्याने त्यांचा स्वाद मरतो. मात्र टोमॅटो, केळी, सफरचंद पालेभाजीच्या शेजारी नकोत. पिकताना त्यांतून इथिलीन वायू निघतो आणि पानं लवकर पिवळी पडतात. मऊ पडायला लागलेले टोमॅटो अख्खेच फ्रीझरमध्ये टाका. काढल्यावर नळाखाली धरले की साल हाताने निघून येते. सारासाठी, आमटीसाठी तेवढं पुरे.

तुरीचे दाणे आणि पावटा सोलून कच्चेच गोठवू नका. दोन मिनिटं उकळत्या पाण्यात, मग लगेच बर्फाच्या पाण्यात, मग कापडावर कोरडे करून गोठवा. उकळत्या पाण्याने दाण्यातली विकरं (एन्झाइम) थांबतात. ती थांबली नाहीत तर फ्रीझरमध्येही रंग आणि चव हळूहळू जातच राहते. पालक-मेथीलाही हाच नियम. लहान फ्रीझरमधली जागा मी दाण्यांसाठी आणि अंबाडीच्या गोळ्यांसाठीच राखेन. गाजर-कोबीने तो भरू नका.

एक गोष्ट गांभीर्याने घ्या. भाज्या किंवा लसूण नुसत्या तेलात बुडवून बाटलीत भरायचे आणि ओट्यावर ठेवायचे, असे व्हिडिओ फिरतात. तसं अजिबात करू नका. तेलाखाली हवा पोचत नाही, भाजीत पुरेसा आंबटपणा नसतो, आणि बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूला नेमकं हेच लागतं. त्याचं विष दिसत नाही, त्याला वास येईलच असं नाही. सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप; जितका कमी तितकं आंबट) ४.६ च्या खाली असेल तर तो जंतू वाढत नाही, म्हणून आपल्या लोणच्यांत लिंबू, कैरी, आवळा असतो. आंबट नसलेली भाजी टिकवायची तर वाळवा किंवा गोठवा.

गोदाकाठ

मीठमोहरी, बाकी सगळं मान्य, पण मेथी गोठवायला माझा विरोध आहे. वितळली की तिचा लगदा होतो. मेथी सावलीत वाळवावी, उन्हात नाही, उन्हात काळपट पडते. पानं खुडून चाळणीवर पसरायची, रोज एकदा हाताने वरखाली करायची. वाळली की आमटीत, पिठल्यात चुरून टाकता येते आणि फ्रीझरची जागाही जात नाही.

मीठमोहरी

भाजीसाठी हवी असेल तर तुमचंच बरोबर. पराठ्याच्या कणकेत घालायची असेल तर गोठवलेली चालते. मी दोन्ही करते.

कोकणकडा

आवळा आणि ओल्या हळदीवर कुणी बोललं नाही अजून.

ओली हळद स्वच्छ धुवून, साल खरवडून, पूर्ण कोरडी करा. हाताला तेल लावा किंवा मोजे घाला, नाहीतर सोमवारी पिवळे हात घेऊन ऑफिसला जाल. पाव किलो हळदीच्या पातळ काड्या, त्यात थोडं आलं आणि हिरव्या मिरच्या, मीठ, आणि सगळं बुडेल इतका लिंबाचा रस. वरून मोहरीच्या डाळीची आणि हिंगाची गार केलेली फोडणी. आठवडाभर फ्रीजमध्ये मुरू द्या. तीन माणसांच्या घरात अर्धी बरणी जेवताना सहज संपते.

आवळ्याची सुपारी तुमच्या बाल्कनीतल्या उन्हाला साजेशी आहे. आवळे किसायचे, मीठ, आल्याचा रस आणि जिरेपूड लावून तासभर ठेवायचे, मग ताटात पसरून कडक वाळेपर्यंत ऊन द्यायचं. ताटावर पातळ कापड बांधा, रात्री घरात घ्या. किसणं बसून होतं, म्हणजे सासूबाईंच्या हातचं काम. मोरावळा करायचा तर आवळे वाफवा, पाकळ्या सुट्या करा, गर मोजा आणि वजनाने त्याहून थोडी जास्त साखर घ्या. पाक एकतारी झाला की उतरवा, वेलची घाला. साखर कमी करायचा मोह आवरा, मोरावळा टिकतो तोच साखरेवर.

ज्या आठवड्यात काहीच जमणार नाही, त्या आठवड्यात आवळे धुवून, पुसून मिठाच्या पाण्यात टाका आणि फ्रीजमध्ये ठेवा. पुढे लोणचं करा, चटणी करा, नुसते खा.

मातीचा_माणूस

मी नाशिककडे शेती करतो आणि आम्हीही असेच वाटे देतो. दुसऱ्या बाजूने दोन शब्द.

सगळं एकदम येतं त्याचं कारण थंडी. मेथी पेरल्यापासून महिनाभरात काढणीला येते, मुळा दीड महिन्याच्या आसपास. आम्ही पंधरा दिवसांच्या अंतराने टप्पे पेरतो, पण डिसेंबर-जानेवारीत पालेभाजीला हवामान इतकं मानवतं की टप्पे एकमेकांवर येतात. फेब्रुवारीत ऊन तापलं की हेच पीक फुलावर जातं, मुळा आतून जाळीदार होतो. तेव्हा क्रेटमध्ये मुळ्याऐवजी डिंगऱ्या, म्हणजे मुळ्याच्या शेंगा, दिसतील. त्या कोवळ्या असतील तर कांदा-दाण्याच्या कुटावर परतून बघा, मुळा न आवडणाऱ्यांनाही आवडतात. हरभऱ्याचा पाला तुम्ही खाता तेही आमच्या फायद्याचं आहे. शेंडे खुडले की फुटवे जास्त येतात आणि पुढे घाटे वाढतात.

भाजी वाया जात असेल तर संकोच न करता शेतकऱ्याला सांगा. क्रेट भरायच्या आधी कळलं तर आम्ही मुळ्याची जुडी कमी करून दुसऱ्याला देऊ शकतो. उरलेलं गुरांना जातं, मातीत जातं, त्याचं काही वाटत नाही. तुमच्या फ्रीजमध्ये सडलं तर वाईट वाटतं. गावाला जाणार असाल तर काढणीच्या आदल्या दिवशी तरी कळवा. आणि क्रेट परत द्या, रिकामे क्रेट आम्हाला नेहमी कमी पडतात.

चूलबोळकी

आणि भोगी विसरू नका! संक्रांतीच्या आदल्या दिवशीची भाजी म्हणजे तुमचा अर्धा क्रेट: गाजर, पावटा, तुरीचे दाणे, हरभरे, वांगं, घेवडा, चार बोरं, उसाचे करवे, आणि तीळ-दाण्याचं कूट सढळ हाताने. तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोणी. मी त्या आठवड्यात पंधरा माणसं जेवायला बोलावते आणि भाजीचा प्रश्नच उरत नाही. तुमच्या शेतकरी कुटुंबालाही बोलवा.

रानमोगरा

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! सासूबाईंना सगळा धागा वाचून दाखवला. चटका म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. त्यांच्या माहेरी तो दर गुरुवारी व्हायचा म्हणाल्या, आणि हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. आवळे किसायचं त्यांनी स्वतःकडे घेतलं आहे.

ठरलं ते असं. शनिवारी संध्याकाळी निवडणं, रविवारी चाकवत आणि मुळ्याचा पाला, मंगळवारपर्यंत मेथी, बुधवारी अंबाडी. हरभऱ्याचा पाला सरळ बाल्कनीत. फ्रीझर फक्त दाण्यांना आणि अंबाडीच्या गोळ्यांना. खालच्या मजल्यावर एका घरी असाच वाटा येतो हे कालच कळलं, त्यांच्याशी अदलाबदलीचं बोलते. शेतकरीदादांना मुळा एक जुडी कमी करायला आजच सांगितलं, ते लगेच हो म्हणाले. भोगीचं आमंत्रणही दिलं.

ते म्हणाले, पुढच्या शनिवारी एक मोठा कोहळा पाठवतो. तीन माणसांत कोहळा कसा संपवू?

गोदाकाठ

संपवायची घाई नाही. देठासकट, न कापता, कोरड्या जागी ठेवा, जमिनीला टेकू देऊ नका. पक्का असेल तर उन्हाळ्यापर्यंत राहतो. एप्रिलमध्ये ऊन कडक झालं की किसून उडदाच्या डाळीचे सांडगे घाला. तेव्हा वेगळा धागा काढा, प्रमाण देते.