हिब्रू ‘शाखन’ : निवास, वस्ती की शेजार?

विचारणा
जुन्या करारात हनोख आणि नोहा ‘देवाबरोबर चालले’ असं वाचतो. मूळ हिब्रूत हे चालणं म्हणजे नीट वागणं की खरोखरची सोबत? आणि सोबत असेल, तर ती हवी कोणाला, माणसाला की देवालाही?

प्रतिसाद
धातू ‘हालख’, चालणे. त्यावरूनच ‘हलाखा’, म्हणजे यहुदी आचारधर्म, हा शब्द आला; मराठीत ‘चाल’ म्हणजे रीत, तसंच. पण हनोख-नोहाच्या वाक्यांत याचं साधं रूप नाही. तिथे ‘हिथहल्लेख’ आहे: हिंडणं, फिरत राहणं. हे रूप त्यांच्याआधी एकाच ठिकाणी येतं, उत्पत्ती ३:८ मध्ये, आणि तिथे फिरणारा स्वतः देव आहे. वारा सुटलाय, देव बागेत फिरतोय, आणि नुकतीच चूक केलेली आदाम-हव्वा दोघं झाडांआड लपलीत. देव हाक मारतो, ‘अय्येका?’ कुठे आहेस तू? हिब्रूत हा एकच शब्द. विलापगीताचा पहिला शब्द ‘एखा’ (अरेरे, कसं हे!) याच चार अक्षरांचा, फक्त स्वर वेगळे. मिद्राशकारांना, म्हणजे शास्त्रवचनांचा अर्थ उलगडणाऱ्या जुन्या यहुदी भाष्यकारांना, त्या हाकेतच विलाप ऐकू आला. मलाही ती हाक दरडावणी वाटत नाही.

उपप्रतिसाद
पण ताई, नोहाला ‘तामीम’, म्हणजे अव्यंग, म्हटलंय. अर्पणाच्या जनावरात खोड नको, हे सांगायलाही हाच शब्द. म्हणजे सोबत अव्यंगालाच? आणि यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या १०व्या अध्यायात देवाचं तेज मंदिर सोडून निघतं, त्याचं काय?

प्रतिसाद
यहेज्केलचा मुद्दा खरा आहे, तो पुसता येत नाही. लोकांचं वागणं देवाला घराबाहेर काढू शकतं, असंच तो म्हणतो. पण त्याच्यासमोर लेवीय १६:१६ ठेवून पाहा. निवासमंडपाबद्दल, म्हणजे इस्राएली लोकांच्या तंबूच्या पवित्रस्थानाबद्दल, तिथे म्हटलंय, ‘हश्शोखेन इत्ताम बतोख तुमओथाम’: त्यांच्या अशुद्धतेच्या मधोमध त्यांच्यासोबत राहणारा. शुद्ध झाल्यावर येणारा नव्हे. प्रायश्चित्ताचा विधी करायचा तोच मुळी तो तिथे राहतोय म्हणून.

यातला धातू ‘शाखन’. त्यावरून ‘मिश्कान’, म्हणजे निवासमंडप, आणि त्यावरूनच ‘शाखेन’, म्हणजे शेजारी. निर्गम २५:८ मध्ये पवित्रस्थान बांधायला सांगून देव ‘मी त्यात राहीन’ म्हणत नाही, ‘त्यांच्यामध्ये राहीन’ म्हणतो. ‘निवास’ हा शब्द मला इथे फार उंचावरचा वाटतो. भिंतीला भिंत लागलेली, एकमेकांचा आवाज ऐकू येणारी जवळीक आपल्या ‘शेजार’मध्ये आहे.

उपप्रतिसाद
म्हणजे देवाला गरज आहे, असं म्हणायचं का?

प्रतिसाद
गरज नाही. स्तोत्र ५०:१२ मध्ये तो सांगतोच, भूक लागली तरी तुला सांगणार नाही. पण इच्छा आहे, आणि तिच्यासाठी शब्दही आहे. स्तोत्र १३२:१४ मध्ये देव सियोनबद्दल, म्हणजे यरुशलेमच्या डोंगराबद्दल, म्हणतो, इथे मी राहीन, ‘की इव्वितीहा’, कारण मला ते हवंसं झालंय. अनुवाद ५:२१ मध्ये शेजाऱ्याच्या घराचा हव्यास धरू नको अशी आज्ञा आहे. तिथला हव्यास याच धातूचा. माणसाला जी ओढ शेजाऱ्याच्या घराबाबत मना आहे, तिचाच शब्द देव माणसांच्या शेजाराला जाताना स्वतःसाठी वापरतो. भाषांतरात तिथे नुसतं ‘निवडले’ आलं तर मला ते अपुरं वाटेल. ‘ओढ लागली’ असं हवं.