मदत हवी आहे: कामाच्या ठिकाणी खेळाला जागा कशी द्यावी?

नमस्कार मंडळी. आमच्या टीममध्ये थोडी मजा, थोडा खेळ आणायची जबाबदारी माझ्याकडे आली आहे, आणि मला ती मनापासून करायची आहे. पण ‘सगळ्यांनी यायचंच’ असा सक्तीचा खेळ नको. हजेरी लागली की त्याचंही कामच होतं. शिवाय अबोल माणसाला चारचौघांत गायला लावणं ही शिक्षाच.

मला ओढ आहे ती दुसऱ्या खेळाची. मँचेस्टर विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ आंद्रे गाइम शुक्रवारी संध्याकाळी नेहमीच्या संशोधनाबाहेरचे, निव्वळ कुतूहलाचे प्रयोग करायचे. चिकटपट्टीने ग्रॅफाइटचे पापुद्रे सोलणं हा त्यातलाच एक. त्यातून ग्राफीन हे कार्बनचं एका अणूइतकं पातळ रूप हाती आलं (शोधनिबंध २००४चा), आणि २०१०मध्ये त्यांना व त्यांचे सहकारी नोव्होसेलोव्ह यांना नोबेल मिळालं.

असा मोकळा वेळ तुमच्यापैकी कुणी राखून ठेवला आहे का? डेडलाइन जवळ आली की पहिली कात्री त्यालाच लागते, ते कसं थांबवलंत? घरून काम करणाऱ्यांना त्यात कसं घेता? आणि ‘यातून निघालं काय?’ असं वरिष्ठांनी विचारलं, तर काय दाखवता? छोटे अनुभवही चालतील, फसलेले तर नक्की सांगा.