अन्ननलिकेच्या ऑपरेशननंतर जोड लीक, आत स्पंज बसवलाय. सारखा बदलतात म्हणजे लागू पडत नाहीये का?

साताऱ्याची_लेक:
नमस्कार, आयसीयूच्या बाहेर बसून लिहितेय, चुकलंमाकलं समजून घ्या. बाबांचं (वय ६१) अन्ननलिकेच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, खालचा भाग काढून जठराचीच नळी केली आणि ती छातीत वर जोडली. पाच दिवस बरे होते. सहाव्या दिवशी ताप, नाडी १३०, आणि छातीतल्या नळीच्या बाटलीत गढूळ वास मारणारं पाणी. सीटीत कळलं की जोड एका बाजूला सुटलाय. आम्हाला वाटलं आता परत छाती उघडणार, पण त्यांनी एंडोस्कोपीनेच आत स्पंज बसवला, त्याची नळी नाकातून बाहेर काढून मशीनला लावलीय. आता दर चार दिवसांनी आत नेतात, भूल देतात, स्पंज बदलतात, आज दुसऱ्यांदा बदलला. विचारलं की "वेळ लागेल" एवढंच उत्तर. आत्या म्हणते लागू पडत नाही म्हणूनच परत परत करतायत. असं असतं का हो? काल बाबांनी पाटीवर "घोटभर चहा" लिहून दाखवलं, मला तिथे उभं राहवेना.

कृष्णाकाठ:
ताई, धीर धरा. माझ्या सासऱ्यांचं अगदी हेच झालेलं, त्यांचा स्पंज ५ वेळा बदलला, एकूण २२ दिवस. आम्हीही प्रत्येक वेळी धसका घ्यायचो. मग तिथल्या एका ज्युनिअर डॉक्टरने स्क्रीनवरचे फोटो दाखवले, पहिल्या दिवशी जोडाच्या बाजूला नुसता पिवळा हिरवा पू आणि मेलेलं मांस, आणि तिसऱ्या वेळी तीच जागा लालभडक, ओली, डाळिंबाच्या दाण्यांसारखी. तो फोटो बघितल्यावर सासूबाई पहिल्यांदा नीट जेवल्या. तुम्हीही बदल झाला की तीनच गोष्टी विचारा, पोकळी केवढी राहिली, स्पंज केवढा कापला, मांस कसं दिसतंय. "कसे आहेत" विचारलं तर "ठीक आहेत" हेच ऐकायला मिळणार.

एंडोस्कोपी_सिस्टर:
मी एंडोस्कोपी विभागात नर्स आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुमच्या आत्यांना सांगा की बदलणं हाच उपचार आहे. डायबेटिसच्या पायाच्या जखमेला व्हॅक ड्रेसिंग (जखमेवर स्पंज ठेवून मशीनने ओढ लावतात ते) लावतात ते बघितलं असेल, हे तेच, फक्त छातीच्या आत. पॉलियुरेथेनचा सच्छिद्र स्पंज असतो, मशीन त्याला रात्रंदिवस साधारण १२५ मिमी पाऱ्याच्या दाबाने ओढत असतं. त्याने पू आणि गिळलेली थुंकी साचायच्या आत बाहेर येते, पोकळीच्या भिंती जवळ ओढल्या जातात आणि तळातून नवीन मांस धरायला लागतं. आता हे नवीन मांस स्पंजच्या छिद्रांतही शिरतं, जास्त दिवस ठेवला तर चिकटून बसतो आणि काढताना रक्त येतं, शिवाय छिद्रं घाणीने बुजून ओढ कमी होते. म्हणून ३ ते ५ दिवसांत बदलावाच लागतो. जर्मनीत आधी गुदाशयाच्या जोडासाठी हे सुरू झालं, छातीतल्या लीकसाठी वापरल्याचे पेपर २००८ च्या सुमाराचे आहेत. तयार किट मिळतं पण महाग, म्हणून बऱ्याच ठिकाणी व्हॅकचाच फोम कापून रायल्स ट्यूबच्या (नाकातून पोटात घालतात ती नळी) टोकाला शिवून घेतात, काम तेच करतो. ब्राझीलमध्ये तर नळीला गॉज आणि वर भोकं पाडलेली चिकट फिल्म गुंडाळून स्वस्तातलं केलंय.

आधी अशा वेळी झाकलेला स्टेंट (आवरण घातलेली जाळीची नळी) टाकायचे, अजूनही टाकतात, पण स्टेंट आतून भोक झाकतो, मागे साचलेला पू तसाच राहतो, त्याला वेगळी नळी लागते, आणि स्टेंट कधी कधी सरकतो. स्पंजचे आकडे चांगले आहेत, बहुतेक अभ्यासांत शंभरातल्या ८० च्या आसपास लोकांचा लीक यानेच बंद झालाय.

लक्ष कुठे ठेवायचं ते सांगते. मशीनच्या डब्यात लाल ताजं रक्त दिसलं तर एक मिनिट थांबू नका, सिस्टरला हाक मारा. महारोहिणी (हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी) आणि फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या तिथून जवळ असतात, रक्तस्राव हाच यातला खरा धोका. अलार्म वाजला तरी लगेच सांगा, ओढ बंद पडून तास गेले की थुंकी परत आत साचते. सीटीला नेताना सक्शन चालू आहे का ते विचारा. आणि चहा अजिबात नको, चमचाभरही. ओल्या कापसाने ओठ पुसा, अन्न पोटातल्या नळीतून जातंयच.

विदर्भ_७४:
खोटी आशा नको म्हणून लिहितो. आमच्या भावाला स्पंज चालला नाही कारण वर ओढलेल्या जठराचाच रक्तपुरवठा गेला होता, टोक काळं पडलेलं, तेव्हा परत उघडावंच लागलं. म्हणून एंडोस्कोपीत जठराची नळी गुलाबी आहे ना हे नक्की विचारा. आणि बरं झाल्यावरही जोड आकसतो, गिळताना अडकायला लागलं तर घाबरू नका, फुग्याने रुंद करून देतात. खर्चाचं म्हणाल तर महात्मा फुले योजनेतून ऑपरेशन झालं असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला आजच भेटा, स्पंजचे पैसे कशात बसतात ते बिल व्हायच्या आधी विचारलेलं बरं.

साताऱ्याची_लेक:
सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टर, तुमचं आत्याला मोठ्याने वाचून दाखवलं. आज तिसरा बदल झाला, मी तिन्ही प्रश्न विचारले, डॉक्टर थांबून बोलले. जठर गुलाबी आहे. पहिला स्पंज अंगठ्याएवढा होता, आजचा करंगळीच्या पेराएवढा कापला म्हणाले. ताप दोन दिवस नाही. एकच विचारायचंय, नळी चिकटवलेल्या पट्टीने नाकपुडीची कड सोलवटलीय, बाबा सारखा हात नेतात, तिथे काय लावता येईल?

एंडोस्कोपी_सिस्टर:
मनाने काही लावू नका, तेलकट असलं की पट्टी सुटते आणि नळी सरकते. ड्युटीवरच्या सिस्टरला पट्टीची जागा बदलून गालावर घ्यायला सांगा, खाली हायड्रोकोलॉइडचा (कातडी वाचवणारी मऊ चिकट पट्टी) तुकडा लावतात. आणि झोपेत हात जातो म्हणून रात्री कोणीतरी जवळ बसा.