संकेतस्थळ पाहूनच ग्राहक परत फिरतो का?

प्रश्न: माझा हिशेब-तपासणीचा छोटा व्यवसाय आहे. काम चोख असल्याचे जुने ग्राहक आवर्जून सांगतात, मात्र संकेतस्थळ पाहून चौकशी करणारे जवळजवळ कोणीच नाही. हा मांडणीचा दोष असू शकेल का?

प्रतिसाद १: नक्कीच असू शकेल. कॅनडातील कार्लटन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पान केवळ ५० मिलिसेकंद दाखवले, तरी त्याच्या आकर्षकतेविषयी लोकांचे मत बनत होते आणि दहापट वेळ पाहून दिलेल्या मताशी ते बरेच जुळत होते. म्हणजे तुमचा अनुभव वाचला जाण्याआधीच निम्मा निकाल लागलेला असतो.

प्रतिसाद २: देखणेपणापेक्षा मला विश्वासाचा मुद्दा मोठा वाटतो. तुमचे पान मी मोबाइलवर उघडले, तेव्हा पत्त्याशेजारी ‘सुरक्षित नाही’ असा शेरा दिसला. एचटीटीपीएस (माहिती सांकेतिक रूपात पाठवणारी सुरक्षित जोडणी) नसलेल्या सर्वच संकेतस्थळांवर क्रोम ब्राउझर जुलै २०१८ पासून तो दाखवू लागला. दूरध्वनी क्रमांक चित्रात असल्याने त्यावर बोट ठेवून फोन लागत नाही, आणि ‘ताज्या सूचना’ या शीर्षकाखालची सूचना तीन वर्षांपूर्वीची आहे. ज्याने आमचे हिशेब वेळेवर ठेवायचे, त्याच्याच पानावर जुनी तारीख पाहून मन कचरते. आधी एवढे दुरुस्त करा. रंगसंगतीचे नंतर पाहता येईल.

प्रतिसाद ३: सहमत. शिवाय ऑनलाइन अभिप्रायांतील तक्रारींना सौजन्याने उत्तरे द्या, कारण नवा ग्राहक तक्रारीइतकेच तुमचे उत्तरही बारकाईने वाचतो.